वेशीबाहेरची गाडी

टाकळखेडीच्या मुंजाजीनं गाडी विकायचं ठरवलं. विकायची म्हणजे गाडी म्हणून नव्हे हो, गाडी म्हणून ती घेणार कोण? कळमनुरीचा एक सुतार लाकडाच्या भावानं उचलायला तयार झाला होता. भादव्याची आवस झाली की कुऱ्हाड घेऊनच येतो, जाग्यावर फोडून नेतो, असं सांगून गेला होता. बसायचा बाभळीचा साटा, सागाची धुरी, लोखंडी धावेची चाकं! मुंजाजीच्या बापानं ऐन उमेदीत करून घेतलेली गाडी. तिच्यात बसून नवऱ्या सासरी गेल्या, लेकुरवाळ्या माहेरी आल्या, गोरेगावच्या बाजारापासून हिंगोलीच्या दसऱ्यापर्यंत सगळा गाव तिनं फिरवून आणला. अन् आता तिच्या नशिबी कुऱ्हाड. आपण तरी काय बोलावं!

झालं होतं असं. श्रावणात गावात पटकी शिरली. ते साल अठ्ठेचाळीसचं. आधीच रझाकारांच्या भीतीनं माणसं अर्धी झालेली, त्यात ही बया. आज एका घरी उलट्या, उद्या तीन घरी रडारड. गावानं रिवाजाप्रमाणं मरीआईचा गाडा केला. हातभर लाकडाचा गाडा, त्यात लिंबाचा पाला, हिरवा चुडा, दहीभात. हलगी वाजवत वेशीतून नेला आणि शिवेबाहेर लोटून दिला. तिथून मागं वळून बघायचं नाही आणि गेलेला गाडा परत गावात आणायचा नाही, हा वाडवडिलांपासूनचा नेम. नेम सगळ्यांनी पाळला. पटकीनं मात्र काही ऐकलं नाही. तिला गावच आवडला होता.

मग हिंगोलीच्या दवाखान्यात न्यायचं कुणी, हा प्रश्न आला. गावात गाड्या चिक्कार, पण ज्याच्या त्याच्या गाडीचा आख मोडलेला आणि ज्याच्या त्याच्या बैलाचा खूर दुखावलेला! पाटलांचा गडीसुद्धा रात्रीतून पळाला. तेव्हा पाटलांची सून नर्मदाबाई पहाटेपासून निपचित पडली होती. मुंजाजी उठला, हरण्या-चांद्याला जुंपलं, साट्यात कडबा अंथरला आणि पाटलांच्या दारात गाडी उभी केली. कुणी बोलावलं नव्हतं. कुणी थांबवलंही नाही.

आणि एकदा जुंपली ती जुंपलीच. आजारी माणूस हिंगोलीला न्यायचं, मेलेलं माणूस कयाधूच्या काठाला न्यायचं. नदीत गाडी धुवायची, लिंबाच्या पाण्यानं पुसायची, घरी यायचं, भाकरीचे चार तुकडे पोटात ढकलायचे की पुन्हा कुणाच्या तरी दारातून हाक. हरण्या-चांद्याच्या मानेवर घट्टे पडले. गावाचा पोळा त्या गडबडीत तसाच गेला. तोरण नाही, झूल नाही, शिंगाला बेगड नाही. पोळ्याच्या दिवशी त्या जोडीनं तीन मुडदे ओढले. मुंजाजीला सगळ्यात जास्त हेच लागलं होतं.

भादवा अर्धा उलटला तशी पटकी ओसरली. त्यातच हिंदचं लष्कर आलं, निजामाचं राज्य गेलं, रझाकार कुठल्या कुठं पसार झाले. माणसं घराबाहेर पडली, ओट्यावर बसली, हसायला लागली. बाजार भरायला लागले. मुंजाजीनं गाडीला वंगण घातलं, चाकं धुतली आणि नेहमीसारखी लिंबाखाली उभी केली. म्हटलं, आता येतील बाजारकरी.

कुणी आलं नाही.

वाईट कुणी बोललं नाही बरं का. उलट लांबून राम राम करायचे, "बाप्पा, तू होतास म्हणून गाव राहिला" असंही म्हणायचे. पण म्हणायचे हातभर अंतर राखून. किसनरावानं मुगाची पोती न्यायला गोरेगावाहून दुसऱ्याची गाडी आणवली. बायका डोक्यावर पाट्या घेऊन चालत बाजाराला गेल्या, मुंजाजीच्या गाडीवरून गेल्या, आणि गाडीकडं बघायचं टाळून गेल्या. शिवेबाहेर गेलेला गाडा परत आणायचा नसतो. ही गाडी तर रोज मरीआईला घेऊन जायची आणि रोज परत यायची. असं कुणी बोलून दाखवलं नाही, पण मनात प्रत्येकाच्या तेच. पोरासोरांनी तिला 'मुडदेगाडी' नाव ठेवून दिलं होतं.

परक्यांचं सोडा. खुद्द मुंजाजीची बायको सिंधूबाई भावाला भेटायला माहेरी गेली ती पायी गेली. पायी गेली आणि पायी आली.

"गाडी होती की दारात," मुंजाजी म्हणाला.

"चालायला काय झालं? पाय मोकळे व्हतात," ती म्हणाली, आणि चुलीकडं वळली. मुंजाजीनं त्या दिवशी ठरवलं. गाडी फोडायची, बैल मेव्हण्याकडं ठेवायचे आणि त्याच्याच शेतावर गडी म्हणून राबायचं. ज्या गाडीवानाच्या गाडीत त्याची बायको बसत नाही, त्यानं गाडी ठेवून करायचं काय?

आवसेला चार-पाच दिवस असताना उत्तमराव पाटील हिंगोलीहून बातमी घेऊन आले. मारुतीच्या पारावर गाव जमा झाला. मुंजाजीही गेला आणि सवयीनं एका कडेला बसला. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस बसेल एवढी जागा आपोआप रिकामी राहिली.

"तर मंडळी," पाटील म्हणाले, "दोन ऑक्टोबरला गांधीजींची जयंती. आता आपण हिंदचे. साऱ्या मुलखात त्या दिशी सुट्टी. गावागावात झेंडा लावायचा, असं सांगितलंय."

"ऑक्टोबर म्हंजे कंचा महिना?" किसनराव म्हणाला. त्याचंही बरोबर होतं. निजामाच्या कचेरीत आजवर आबान, आजूर असले महिने चालायचे, गावात भादवा, आश्विन. हा तिसराच कुणाचा महिना?

"भादव्याची आवस त्याच दिशी येती."

"बरं. आन सुट्टी म्हंजे काय करायचं?"

पाटील अडकले. हिंगोलीत त्यांनी विचारायला हवं होतं, पण पाटलानं 'सुट्टी म्हणजे काय' असं चारचौघांत विचारायचं कसं? ते घसा खाकरून म्हणाले, "कचेरी बंद ठिवायची."

"आपल्या गावात कचेरी कुठाय?"

"मग... काम बंद ठिवायचं. झेंडा लावायचा, गोडधोड करायचं, आन काम बंद."

"काम बंद? कुणाचं?" किसनराव म्हणाला. तोही काही गप्प बसणाऱ्यातला नव्हता.

तेवढ्यात मागून काठी आपटल्याचा आवाज आला. चतुराबाई, पाटलांची आत्या. विधवा झाल्यापासून माहेरीच राहिलेली, तोंडात दात नाहीत पण जीभ अशी की भल्याभल्यांची पागोटी उडावीत. सगळा गाव तिला आत्याच म्हणायचा.

"आरं, एवढं डोकं काहून लावून राहिले?" ती म्हणाली. "काम बंद, झेंडा, गोडधोड. मंग ह्यो पोळाच की! वरीसभर ज्यानं वढलं त्याच्या खांद्यावरचं जू एक दिस उतरायचं, त्याला न्हाऊमाखू घालायचं, पुरणपोळी चारायची. त्या दिशी मालकानं राबायचं, त्यानं न्हाई. ह्याच्या परीस दुसरी सुट्टी आमी तरी बघितली न्हाई."

"आत्या, पोळा बैलांचा असतो. आन त्यो झाला."

"झाला? कुठं झाला? आमच्या गावात तर मुडदे निघाले पोळ्याला." आत्या खाली बसली, गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "मला सांगा, महामारीत ह्यो गाव कुणी वढला? बैलांनी एकल्यानं?"

मग मागच्या बाजूनं कुणीतरी हळूच म्हणालं, "पंचफुलानं पाणी आणलं."

खरं होतं ते. गावाचा आड नासला, तेव्हा धनगराची पंचफुलाबाई आपल्या शेळ्यांच्या वाड्याजवळच्या विहिरीतून पाणी शेंदायची, उकळायची आणि घागरीवर घागरी वाहून दारोदार ठेवायची. ज्या घरात आजार, त्या घरात आत जाऊन मीठ घातलेली पेज पाजायची. नवऱ्यामागं एकटी राहिलेली बाई, तिला ना कुणाचं भ्या ना कुणाची भीड.

"आन मुंजाजीनं गाडी वढली," आत्या म्हणाली, आणि तिनं मान वळवून थेट मुंजाजीकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. मुंजाजीला पार फोडून जमिनीत शिरावंसं झालं.

"आवस सर्वपित्री हाय," आत्या पुढं म्हणाली. "गेलेल्यांना त्या दिशी जेवू घालतोच आपण. मंग ज्यांनी बाकीच्यांना जितं ठिवलं त्यांना काहून न्हाई? का ते मरायची वाट बघायची?"

उत्तमराव पाटलांनी मान डोलावली. अशा रीतीनं टाकळखेडीत गांधीजयंतीचा पोळा करायचं ठरलं.

मुंजाजी घरी आला तो मान हलवत. "म्हातारी चळली," तो सिंधूबाईला म्हणाला. "आमचा पोळा करून राहिले म्हणं." सिंधूबाई हसली. किती दिवसांनी हसली!

आदल्या दिवशी दिवस कलता-कलता गल्लीत गलका झाला. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांची खांदमळण असते. खांदा ऊन पाण्यानं शेकायचा, हळद-तूप चोळायचं आणि जेवायचं आवतन द्यायचं. पाटील पुढं, हातात तुपाची वाटी. आत्या मागं, हातात हळद आणि पळसाची पानं. आधी ते पंचफुलाबाईकडं गेले. तिचा आवाज तिसऱ्या गल्लीत ऐकू आला.

"आ माय! मी काय म्हैस हाय का खांदा चोळायला? शेळ्या हसतील मला!"

"म्हशीच्या डोक्यावर कुणी घागरी देत न्हाई. गप खांदा कर इकडं," आत्या खेकसली. बाईमाणसाचा खांदा आत्यानंच चोळला, आणि पंचफुलाबाई शिव्या देत देत, पदरात तोंड लपवत बसून राहिली, असं बघणारे सांगतात.

मग मोर्चा मुंजाजीच्या अंगणात आला. मुंजाजी दावणीपाशी उभा होता. पाटील म्हणाले, "बंडी काढ."

"पाटील, नगं. बैलांची करा खांदमळण, त्यांची राहिली हाय."

"बैलांची तर करणारच हाय. आधी तुझी. काढ."

मुंजाजीनं बंडी काढली. पाटलांनी पळसाचं पान ऊन पाण्यात बुडवलं, त्याच्या खांद्यावर ठेवून दाबलं, आणि मग दोन्ही हातांनी हळद-तूप चोळायला लागले. या खांद्यानं किती तिरड्या उचलल्या होत्या ते पाटलांना ठाऊक होतं. त्यांची स्वतःची थोरली भावजय त्यातच होती. पाटील चोळत राहिले.

आणि मुंजाजीच्या लक्षात आलं की श्रावणापासून परक्या माणसाचा हात आपल्या अंगाला लागला नव्हता. कुणी पाठीवर थाप मारली नव्हती, कुणी तंबाखू देताना बोटाला बोट लागू दिलं नव्हतं. तो हरण्याच्या वशिंडाकडं बघत राहिला.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाया या," पाटील म्हणाले. बैलांना म्हणतात तसंच, त्याच शब्दांत. मग बैलांपाशी जाऊन त्यांनाही तेच म्हणाले.

"उद्या गाडी धुऊन ठिव बरं," जाता जाता आत्या म्हणाली.

"काहून, आत्या? धुऊन काय करता? परवा सुतार येणार हाय. फोडून नेणार हाय."

आत्या थांबली. "फोडून? गाडीनं काय केलं?"

"तिनं काय केलं न्हाई. पण तिच्यात बसतंय कोण? आत्या, खांदा चोळला, मी गहिवरलो, खोटं कशाला बोलू. पण मुडदेगाडीला अजून हात न्हाई लावला कुणी. मला त्या गाडीतले सगळे आठवतात. तुळसाबाई, महादू न्हावी, कोंडिबाचं पोरगं, सगळे. वाटेत कोण कुठं गेलं ती जागा दाखवीन मी. मग लोकांनी काहून बसावं?"

आत्यानं त्याच्याकडं बघितलं आणि काठी टेकत निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "धुऊन ठिव म्हणलं ना."

दुसरा दिवस उजाडला तो हसू घेऊनच. नेम असा की ज्यांचा पोळा त्यांनी इकडची काडी तिकडं करायची नाही, मालकांनी राबायचं. मुंजाजीला पारावर बाजेवर बसवलं, शेजारी दुसऱ्या बाजेवर पंचफुलाबाई. दोघांना हार. पंचफुलाबाईचं पाणी भरायचं काम पाटलांकडं आणि तिच्या शेळ्या किसनरावाकडं.

काय सांगावं! पाटलांनी पहिल्याच शेंदण्याला दोरासकट पोहरा विहिरीत सोडला. तो काढायला गळ टाकला तर गळही गेला. किसनराव शेळ्या घेऊन निघाला तो माळाला, आणि शेळ्या पोचल्या पाटलांच्या तुरीत. किसनराव "हुर्र हुर्र" करत मागं, शेळ्या पुढं, आणि पाटील विहिरीवरून ओरडतायत, "आरं माझी तूर! किसन्या, माझी तूर!" पंचफुलाबाई बाजेवर उभीच राहिली. "आरं, शेळीला हुर्र नसतंय म्हणत! तोंडानं चकचक कर! आगाऊ कुठला!" हसून हसून तिचा हार तुटला. मुंजाजीला दोनदा उठून बैलांना पाणी पाजायला जावंसं वाटलं आणि दोनदा आत्यानं काठीनं खाली बसवलं.

झेंडाही लागला. गावात झेंडा कुणी पाहिलेला नव्हता. तीन पट्ट्या, मधल्या पांढऱ्या पट्टीवर निळं चाक, एवढंच पाटलांना आठवत होतं. शिवणकामात तरबेज रुख्मिणीबाईनं भगवी पट्टी फेट्याची, पांढरी धोतराची आणि हिरवी आपल्या खणाची शिवली. चाक काढायला धोतराची नीळ घेतली. पण आरे किती? कुणाला माहीत नाही. शेवटी कुणीतरी गाडीच्या चाकाचे मोजून आलं, बारा. बारा तर बारा! तो झेंडा वेशीवर आंब्याच्या तोरणाशेजारी लावला आणि सगळ्यांनी जय केला. बारा आऱ्यांचा तो झेंडा वाऱ्यावर असा फडफडला की पाटलांना शेळ्यांचाही विसर पडला.

मग तोरणाची वेळ झाली. पोळ्याला वेशीबाहेर बैल जमतात, आणि तोरणाखालून पहिली जाते मानाची जोडी. मान पाटलांचा. पिढ्यान्‌पिढ्यांचा. या मानापायी आसपासच्या गावांत डोकी फुटलेली आहेत. पाटलांचा नवा गडी जोडी पुढं घेऊन आला, तशी आत्या आडवी झाली.

"आज मान हरण्या-चांद्याचा."

पाटलांनी आपल्या गड्याला हातानं मागं सारलं. मग म्हणाले, "बरोबर हाय. घ्या पुढं."

"आन मागून गाडी," आत्या म्हणाली. "मुंजाजीची गाडी. मरीआईचा गाडा आपण वेशीबाहेर लोटला, त्यो लोटायचाच असतो. पण ह्या गाडीला आपणच वेशीबाहेर काढली आन वेशीबाहेरच ठिवली. घरी उभी असून बी बाहेरच. आज वाजतगाजत आत घ्यायची. म्हंजे मंग ती मरीआईची न्हाई राहात, गावाची व्हती."

मुंजाजीनं पहाटेच, हार पडायच्या आधी, गाडी नदीवर धुऊन आणली होती. धुतलेली, रिकामी, वेशीबाहेर उभी होती. "पण आत्या," तो म्हणाला, "पोळ्याला बैल जुंपत न्हाईत."

"बैल कोण म्हणतंय? उत्तम, लाव खांदा."

टाकळखेडीच्या पाटलानं जू उचलून खांद्यावर घेतलं! दुसऱ्या बाजूला, शेळ्यांच्या मागं पळून घामाघूम झालेला किसनराव. हलगी वाजली, माणसं खदखदून हसली. पण गाडी हलेना, कारण आत्यानं काठी चाकात घातली होती.

"रिकामी गाडी मिरवायची नसती. बसा कुणीतरी."

हसणं थांबलं. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. कुणी पायाच्या अंगठ्यानं माती उकरली, कुणी झेंड्याकडं बघितलं. हलगीवाल्यानंही हात थांबवला. पंचफुलाबाई पुढं व्हायला लागली, तर आत्यानं तिला अडवलं, "तुझं काय, तू तर पटकीच्या घरात निजली असतीस. तू न्हाई. दुसरं कुणी."

कुणी हलेना. मुंजाजी खाली मान घालून उभा होता. त्याला माहीत होतं. उगाच म्हातारीनं चव्हाट्यावर आणलं. उद्या सुतार येईल तेव्हा येईल, आज आपणच कुऱ्हाड घालावी, असं त्याच्या मनात आलं. त्यानं पाऊल मागं घेतलं.

"मी बसते."

नर्मदाबाई, पाटलांची सून. अंगात अजून पुरती ताकद आली नव्हती, पदर डोक्यावरून घसरत होता, पण आवाज ठाम होता. "मागच्या टायमाला निजून गेले व्हते ह्या गाडीत. वाटभर मुंजाजीभाऊ म्हणत व्हते, 'आक्का, जागी राहा, बैल बघा कसे चालून राहिले.' म्हणून राहिले मी जागी." ती चाकाच्या तुंब्यावर पाय देऊन चढली आणि धुरीजवळ मांडी घालून बसली. पाटलांनी जू खांद्यावर असतानाच मान वळवून सुनेकडं बघितलं आणि पटकन पुन्हा पुढं बघितलं.

मग गर्दीतून थावरा निघाला, तांड्यावरचा. "मी बी गेलो व्हतो हिंगोलीला. उतरलो आन लपून घरी गेलो. लाज वाटली, पटकी झाली म्हणायची." तो चढला. त्याच्यामागं जिवनबाई, तिच्या कडेवर पोरगी. "आमी दोघी व्हतो. एकाच फेरीला." मग कुणाचा तरी जावई, मग भुजंग तेली, मग एक म्हातारा, ज्याला मुंजाजी गेलेल्यांतच धरून बसला होता. म्हाताऱ्याला चढता येईना, त्याला चार हातांनी वर घेतलं.

मुंजाजी बघतच राहिला. त्याला गेलेले सगळे आठवत होते, कारण त्यांना तो शेवटपर्यंत पोचवायचा. आणि ही माणसं? दवाखान्यातून परत आणली की आपापल्या दाराशी अंधुक उजेडात उतरायची, तोंडावर पदर, डोक्यावर घोंगडी, आणि दार लावून घ्यायची. दुसऱ्या हाकेसाठी तो पुढं निघून जायचा. त्यांची गणती त्यानं कधी केलीच नव्हती. गावानंही केली नव्हती. आणि ती एवढी होती! साटा भरला, धुरीवर माणसं बसली, मागच्या बाजूला पाय सोडून बसली.

"आता पुरे! पाटील मरल!" किसनराव जुवाखालून ओरडला, आणि हशा असा उसळला की वेशीवरची कबुतरं उडाली.

"सरका जरा. सरका म्हणते ना!"

कोपरानं वाट काढत सिंधूबाई आली. तोंड लाल, डोळे भरलेले. "मालकिणीला जागा न्हाई व्हय स्वतःच्या गाडीत?" ती चढली, जिवनबाईच्या पोरीला मांडीवर घेतलं आणि नवऱ्याकडं न बघता मोठ्यानं म्हणाली, "पायी चालून पाय मोडले माझे. आता माहेरी गाडीनंच जाईन, सांगून ठिवते!"

मुंजाजी रडला. चारचौघांत, हार घातलेला, हळद लागलेला बाप्या माणूस ढसाढसा रडला आणि त्याच तोंडानं हसला. त्याला लाज वाटली नाही. पुढं हरण्या-चांद्या झुली पांघरून, बाशिंगं बांधून उभे होते आणि मान वळवून आपलं जू भलत्यांच्या खांद्यावर बघत होते.

"आता रडून राहिला का हाकून राहिला?" पाटील ओरडले. "बैल ताटकळले हो!"

मुंजाजीनं डोळे पुसले, जिभेनं टकटक केलं आणि सवयीनं म्हणाला, "चल रं माझ्या राजा!" पाटलांनी बैलासारखं नाक फुरफुरवलं. हलगी कडाडली. मानाची जोडी तोरणाखालून गेली, आणि तिच्यामागून जित्या माणसांनी गच्च भरलेली गाडी करकरत वेशीतून आत आली.

बरोबर मारुतीच्या पारासमोर डाव्या चाकाचा एक आरा कडकन मोडला.

दुसऱ्या दिवशी, म्हणाला होता तसा सुतार आला, कुऱ्हाड घेऊनच आला. बघतो तर गाडीभोवती बाजारकरी पाट्या घेऊन उभे, कोण धुरीजवळ बसणार यावरून पंचफुलाबाई आणि किसनराव यांची जुंपलेली. आत्या ओट्यावर बसून होती. सुतारानं विचारलं, फोडायची ना?

"कुऱ्हाड ठिव तिकडं," मुंजाजी म्हणाला. "रंधा काढ. आरा बसवून दे बिगीनं. श्रावणभर मुडदे वाहिले तवा मोडला न्हाई, काल जित्यांनी मोडला. गोरेगावचा बाजार गाठायचा हाय, माणसं खोळंबलीत."